साखर घातलेली पायरी

आदरणीय दादांना नमस्कार,

(वयाने मी तीन वर्षांनी मोठा, पण बायकोचे थोरले भाऊ, म्हणून तुम्ही दादा.) तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिले नाही, राग मानू नये. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींची कवळी बसली का? मी उत्तम आहे. फक्त घरात खिडकीतून ये-जा करतो.

त्याचे असे झाले. दारापुढचा चढ तुमच्या बहिणीच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून मधे एक बुटकी पायरी करायला गवंडी बोलावला. आता शाळा माझी चौथीपर्यंतच, पण साखर कारखान्याच्या चुनाघरात तीस वर्षे काढली आहेत. साध्या पाण्यात चुना तळाशी रुसून बसतो. साखरेच्या पाण्यात टाका, विरघळून जातो. दोघांचे मिळून तिसरेच काही बनते. आमचे केमिस्टसाहेब त्याला लांबलचक नाव घ्यायचे, मी संसार म्हणतो. सिमेंटमध्येही चुना असतोच की! गवंडी चहाला गेला आणि मी साखरेचा अख्खा डबा कालवलेल्या मालात रिकामा केला. परत येऊन तो म्हणतो, "आजोबा, यात काय घातलंत?" म्हटले, "अनुभव."

तो अनुभव नऊ दिवस झाले तरी लोण्यासारखा मऊ आहे. पोस्टमनचा एक बूट त्यात रुतला (धुऊन दिला). मुंग्यांनी तर मुक्कामच ठोकला आहे. शेजारचा सुतार विचारतो, "काका, ही चढायची की चाटायची?" गवंडी म्हणतो, साखरेने सिमेंट नासते, खरवडून टाका. मी त्याला ठणकावले, की साखर नुसता वेळ लावते. घट्ट होईल तेव्हा दगड होईल. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच दिवसातून दहा वेळा बोट लावून पाहतो.

आपला,
चुनेवाला

ता. क. तुमची बहीण "पायरी घट्ट झाली की येईन" म्हणून तुमच्याकडे आली आहे. तिला सांगा, झाली.

आणखी ता. क. झालेली नाही. उद्या गवंडी नवी करतो आहे, बिनसाखरेची. हे तिला सांगा. पण त्याचेच खरे होते, हे सांगू नका.

शेवटचे. घरात बिनसाखरेचा चहा एकट्याने घशाखाली उतरत नाही. खिडकीखाली आतून-बाहेरून दोन-दोन स्टुले मांडली आहेत, एक बुटके, एक उंच. तिच्या गुडघ्यांना जमेल. ती कधी निघते, ते उलट टपाली कळवा.