टोमॅटोच्या रोपांना खत घालाल ना?

अहो,

बदलीची नर्स आली नाही, म्हणून मला ऐन वेळी दवाखान्यात बोलावलंय. तुम्ही इतक्या महिन्यांनी जहाजावरून घरी येताय आणि मी दारात नाही. रागावू नका. जेवण झाकून ठेवलंय.

फोनवर तुम्ही आधी गांडुळांची चौकशी करायचात, मग माझी. तर ती मजेत आहेत. परसातल्या टाकीतलं खत काळंभोर, भुसभुशीत झालंय. वरवरचं तेवढं हलक्या हाताने काढा, गांडुळं खाली ओलाव्यात आहेत. टोमॅटोच्या प्रत्येक रोपाला ओंजळभर खत घाला, पण बुंध्यापासून जरा लांब. मातीत मिसळून पाणी द्या.

दरवेळी फळं धरायच्या आत तुम्ही बोटीवर जाता. मग मी एकटीच तोडते आणि शेजारीपाजारी वाटून टाकते. घरात एकटीच्या घशाखाली उतरत नाहीत.

पुढच्या फेरीचे कागद आलेत, टेबलावर आहेत. मी येईपर्यंत सही करू नका. ‘थांबा’ म्हणायला मला आजवर कधी तोंड उघडता आलं नाही. म्हणून लिहितेय: या खेपेला थांबा.

तुमची,
मी