ताडावर चढण्यापूर्वीची व्यवस्था

नौपाडा, ठाणे.
शुक्रवार, ता. १३ जानेवारी १९५६. भोगी.

या वहीत मी जवळजवळ तीन वर्षे एक अक्षर लिहिलेले नाही. त्याबद्दल प्रथम क्षमा मागतो. वहीची, आणि पुढेमागे जिला ती वाचावी लागेल त्या सुमतीची. कारण आळस नव्हते. ते पाचव्या कलमात येईल. आज लिहायला बसलो आहे, तो भीतीने नव्हे. (खरे लिहायचे तर थोडा भीतीनेही.) पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झालेला नाही. मृत्युपत्रात असे लिहिण्याची रीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

तर मी, गुरुदत्त अनंत चौबळ, वय वर्षे शेहेचाळीस, बी. एससी., ठाणे जिल्ह्यात अठरा वर्षे ताडी व नीरा तपासनीस, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरचे डॉ. दौलत फणसे यांनी आज संध्याकाळी नाडी पाहून, दोन प्रश्न विचारून तसे सांगितले. हे लिहिण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही, असेही लिहिणार होतो. पण सुमती, माझी पत्नी, मागून वाचत होती. ती म्हणाली, "मी पाडलंय की! उद्या चाळीस हात उंच झाडावर चढणार, या वयात, तेही धोतर नेसून. आधी सगळं लिहून ठेवा, मग जा कुठे जायचं ते." धोतर नेसून जाणार नाही. खाकी अर्धी विजार उसनी आणली आहे. बाकी तिचे म्हणणे मला मान्य आहे.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या भाड्याच्या आहेत, त्यामुळे त्या कोणाला देता येत नाहीत. प्रॉव्हिडंट फंड, विमा आणि घरातील सर्व चीजवस्तू सुमतीची. यात खुलासा करण्यासारखे काही नाही. घर तिनेच चालवले; मी फक्त चाखत हिंडलो.

कलम दुसरे. माझ्या चाखण्याच्या एकोणीस वह्या माझी मुलगी चित्रा हिने घ्याव्यात. ती यंदा कॉलेजात रसायन शिकते आहे. यांत माड, ताड आणि शिंदी या तिन्ही झाडांचा रस पहाटेचा, सकाळचा, दुपारचा असा निरनिराळा चाखून नोंदला आहे. दारूबंदीआधी आंबलेली ताडी तपासणे हे माझे काम होते. बंदीनंतर ताडीची दुकाने गेली, आणि झाड चढणाऱ्यांना फक्त नीरा, म्हणजे न आंबलेला गोड रस, उतरवण्याचे परवाने मिळाले. पूर्वी ज्या आंबटपणाला मी गुण देत असे त्यालाच आता दोष म्हणू लागलो. जीभ तीच होती.

प्रत्येक नोंदीला पाच रकाने आहेत: रंग, फेस, वास, चव, आणि घोट थुंकल्यावर मागे राहणारी चव. प्रत्येकी पाच गुण. माड सौम्य आणि दुधाळ असतो. ताड अंगाने ताठ, पहिल्याच घोटात समोर येऊन उभा राहणारा. पहाटेच्या शिंदीला ओल्या करवंटीचा वास येतो, आणि ऊन चढले की त्यात पिकल्या केळ्याची साल शिरते. चित्राने हे वाचून हसू नये. डिसेंबर १९४१ मधल्या शिंदीच्या पानावर मी 'अहाहा' एवढेच लिहून पंचविसांपैकी सव्वीस गुण दिले आहेत. ती बेरीज आज पुन्हा केली. मला ती दुरुस्त करावीशी वाटत नाही.

कलम तिसरे. बिअरच्या बाटल्यांवरून भिजवून काढलेली अकरा लेबले, पुठ्ठ्यावर डकवलेली, हीही चित्राला. त्यांची हकीकत तिला माहीत नाही. १९४६ च्या उन्हाळ्यात कल्याणजवळच्या छावणीतले एक लष्करी कॅन्टीन बंद झाले, आणि शिल्लक बिअरपैकी कोणती विकण्याजोगी आहे हे ठरवण्यासाठी मला बोलावले. टेबलावर अकरा जातींच्या बाटल्या मांडलेल्या. मी तोवर बिअरचा थेंब चाखलेला नव्हता! एक फिकट, पेंढ्याच्या रंगाची. तिला नुकत्या कापलेल्या गवताचा वास. एक उन्हात राहिलेली; तिला ओल्या घोंगडीचा. एक काळीभोर, वर कॉफीच्या रंगाचा जाड फेस. तोंडात नाचणीच्या भाकरीचा करपलेला पापुद्रा आणि मागून गूळ. तिच्यानंतर मी एक तांबूस बिअर तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. काडेचिराइताचा काढा. 'बिघडलेली', असे लिहिलेसुद्धा.

मग मनात शंका आली. पाण्याने चुळा भरल्या, मूठभर कोरडे कुरमुरे खाल्ले, तासभर बाहेर झाडाखाली बसलो आणि तीच बाटली पुन्हा चाखली. कडू होतीच, पण त्या कडूपणाच्या मागून संत्र्याची साल आली, आणि तिच्याही मागून भाजलेल्या जवाचा गोडवा. ती बिअर उत्तम होती. काळीच्या गोडव्याने माझी जीभ फिरवली होती, एवढेच. लिहिलेले खोडून तिला वीस गुण दिले. त्या दिवशी टेबलापाशी उभ्या उभ्या मी नियम केला: चाखण्याआधी दोन तास तोंडात काही घालायचे नाही. तो नियम मी पाटीवर लिहून कचेरीत टांगला आहे. तो कोणी मोडला, हे पुढे येते.

कलम चौथे. माझी पितळी पिकदाणी माझा धाकटा भाऊ आनंद, राहणार डोंबिवली, याला द्यावी. आनंद प्रत्येक लग्नकार्यात माझी ओळख 'आमचे सरकारी दारुडे' अशी करून देतो आणि लोक हसले की माझ्या पाठीवर थाप मारतो. अठरा वर्षांत मी चाखलेला प्रत्येक घोट या पिकदाणीत गेला. ती त्याने घासूनपुसून बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवावी. प्रत्येक घोट, असे वर लिहिले ते तंतोतंत खरे नाही. तीन घोट मी गिळले आहेत: दोन शिंदीचे, एक त्या काळ्या बिअरचा. आनंदला हवे तर त्याने ते तीन सांगत सुटावे.

कलम पाचवे. हे कलम नसते तर बाकीची लिहिण्याची घाई नव्हती.

आंबिवलीचे महिपत राघो तरे हे ताडावर चढणाऱ्यांत मी पाहिलेले सर्वांत स्वच्छ हाताचे गृहस्थ. मडक्याला आतून चुना लावावा तो त्यांनीच. रस आंबू नये म्हणून तो लावतात, आणि कमी पडला तर रस आंबतो, जास्त पडला तर जिभेला लागतो. त्यांचा कधी लागला नाही. मी त्यांना अठरा वर्षे अरेतुरे करत आलो. या लेखात करणार नाही.

ता. १४ जानेवारी १९५३ रोजी सकाळी मी त्यांच्या मडक्यातली नीरा चाखली आणि चारचौघांत 'आंबट' म्हणून जाहीर केले. आंबटपणा दाखवणारे तपासणीचे कागद त्या दिवशी संपले होते. कागदापेक्षा माझी जीभ खरी, असे मीच सर्वांना सांगत असे. नीरा ओतून दिली गेली, परवाना रद्द झाला. महिपतराव काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी रंगूबाई मात्र बोलल्या: "तुमची जीभ सरकारी, आन् आमची काय गावठी? आमीबी चाखलीय ती!" घरी येऊन मला नोंद पुरी लिहिता येईना. काहीतरी चुकले आहे असे वाटे, आणि काय ते सापडत नसे. महिनाभराने ही वही बंद केली.

या महिन्याच्या पहिल्या तारखेला, रविवारी, चित्रा कपाट आवरत होती. तिने ही वही उघडली आणि मोठ्याने वाचू लागली: "'संक्रांत. निघताना सुमतीने हातावर दोन लाडू ठेवले. आंबिवलीस उतरल्यावर ओळखीच्या दोघातिघांनी तिळगूळ दिला, नाही म्हणवेना.' अण्णा, पण तुमचा तो दोन तासांचा नियम?"

मी खुर्चीवरून उठलो. एवढेच आठवते.

दुपारी नीरा केंद्रावरून ताजी नीरा आणली, कागदाने तपासली, चोख होती. चित्राने सहा पेल्यांत ती ओतली आणि तीन पेल्यांत लिंबाचे थेंब टाकले. कोणत्या तीन, ते मला सांगितले नाही. सुमतीने डब्यातला गूळ आणि तीळ माझ्या तोंडात कोंबले. मी सहाही पेले चाखले आणि सहाच्या सहा आंबट सांगितले. दोन तास उपाशी बसून पुन्हा चाखले, तेव्हा सहाही बरोबर ओळखले! मी स्वयंपाकघरात ओरडलो, "मी चुकलो! मी साफ चुकलो!" आणि टाळ्या वाजवल्या. शेजारच्या कलावतीबाई फडणीस लाटणे घेऊन धावत आल्या. त्यांना वाटले, लॉटरी लागली. सुमती म्हणाली, "चूक सापडलीय त्यांची, म्हणून नाचतायत." मग मला रंगूबाई आठवल्या आणि मी खाली बसलो. आपल्या चुकीचा आनंद व्हावा, हे बरे की वाईट, यावर मी बारा दिवस विचार करतो आहे. अजून ठरलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी आंबिवलीस गेलो. परवाना गेल्यापासून महिपतराव वीटभट्टीवर काम करतात. मी म्हणालो, "महिपतराव, त्या दिवशी मी चुकलो."

ते विटा रचतच होते. "कंचा दीस?"

"संक्रांतीचा. तीन वर्षांपूर्वीचा. मी गोड खाऊन आलो होतो."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "तुमच्या मिशीला तीळ चिकटला व्हता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"सायबाच्या मिशीला बोट लावाचा का?"

मी अजून ते वाक्य घेऊन फिरतो आहे. दाढी करताना ते रोज समोर येते.

मंगळवारी वरिष्ठांना लेखी कबुली दिली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, "चौबळ, तीन वर्षांपूर्वीचं मडकं आता कुठून आणायचं?" शेवटी त्याच झाडाचा रस नव्याने उतरवण्याची दहा दिवसांची परवानगी मिळाली. अट एक: नमुना झाडावरच, माझ्या डोळ्यांदेखत घेतला पाहिजे, म्हणजे खाली मडके बदलले असे कोणी म्हणणार नाही. गोड निघाला तर परवाना परत. माझे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "ती जीभ पुढे चालवायची की नाही, ते नंतर बघू." रास्त आहे.

महिपतरावांना अट सांगितली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "मंग तुमाला वरती यावा लागंल."

"येईन."

"आन् आंबट लागली त आंबटच लिवा. मना तुमची दया नको."

उद्या तो घोट गोड लागावा, अशी माझी फार इच्छा आहे, आणि तोच धोका आहे. तेव्हा गुळाने फसवले, उद्या पश्चात्ताप फसवील. म्हणून डॉ. फणसे कागद घेऊन खाली उभे राहतील, आणि मी वरून काही सांगण्याआधी आपला निकाल लिहून खिशात ठेवतील. महिपतराव मडके दोराने खाली सोडतील, मी मागाहून, जमेल तसा.

माझे मनगटी घड्याळ महिपतराव तरे यांना द्यावे. तसेच माझ्या कबुलीची नक्कल, जिथे उभा राहून मी 'आंबट' म्हणालो त्याच जागी, चारचौघांत मोठ्याने वाचली जावी. मी जिवंत असलो तर मीच वाचीन. घड्याळ हे दान नाही, असे त्यांना सांगावे, नाहीतर ते घेणार नाहीत.

कलम सहावे. मी झाडावरून पडलो तर सर्वांनी माझ्याकडे धावू नये. एकाने मडके धरावे. ते शाबूत असेल तर आधी ते तपासावे. माझ्यासाठी डॉक्टर आहेतच. या कलमावर सुमतीने वही मिटून ठेवली. मग म्हणाली, "ठेवा तसंच. दुसरं काय लिहिणार तुम्ही!"

साक्षीदार म्हणून सही करण्याचा तिचा आग्रह होता: "लिहिताना बघितलंय मी, माझ्याइतकी खरी साक्ष कुणाची?" पण ज्याला मिळायचे त्याने साक्ष घालू नये, म्हणून तिला आणि चित्राला वगळावे लागले. त्या दोघी नसत्या तर हे कागदावर आले नसते, एवढे मात्र इथे नोंदवतो.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले. एके ठिकाणी बढाई आहे, ती पिकदाणीच्या कलमात. राहू दिली आहे. बाकी माझ्या माहितीप्रमाणे खरे.

(सही) गुरुदत्त अनंत चौबळ

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही:
१. डॉ. दौलत फणसे, तळमजला.
२. कलावती फडणीस, शिक्षिका, शेजारची खोली.

ठाणे, ता. १३ जानेवारी १९५६, संध्याकाळी साडेसात.

उद्याचे काम: अनशापोटी, आरशात मिशा नीट पाहून, पहिल्या गाडीने आंबिवली.