नुसती क्रीम

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण आज चिडून बोलायला दुसरं कोणी सापडत नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून मोकळेपणानं लिहिते. मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या माझ्या दवाखान्यात शहाडहून एक शिक्षिका आली. नाजूक जागी वर्षभर खाज. तीन डॉक्टर झाले, तिघांनी बुरशीवरची क्रीम दिली, एकानं साखर तपासली. पडद्यामागच्या टेबलावर तपासायला तिला कुणीच घेतलं नव्हतं. मी घेतलं. पांढरट चट्टा, मधे न भरणारी जखम, आणि जांघेत बोटाला लागणारी गाठ. तुकडा तपासायला पाठवला. योनिमुखाचा कॅन्सर. फार थोड्या बायकांना होतो, म्हणून कुणाच्या मनात येत नाही, आणि मनात येत नाही म्हणून कुणी बघत नाही.

मी तुमच्या हाताखाली शिकत होते तेव्हाची तुमची ओपीडी मला दिसते आहे. बाहेर बाकांवर गर्दी, आणि मी एका आजींना खुर्चीत बसल्याबसल्याच मलम लिहून देते आहे. तुम्ही माझ्या हातातला कागद काढून घेता. ‘लुगड्यावरून निदान? ज्योतिष शिकायचंय का तुला?’ मी म्हणते, ‘बाई, त्याच नको म्हणाल्या.’ ‘तू विचारलंस कसं? पेन हातात धरूनच ना?’ मग तुम्ही पडदा ओढता, दिवा वळवता आणि आजींच्या सुनेची चौकशी करत करत तपासता. काही निघालं नाही. तरी आठवडाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

त्या तिघांपैकी एकाला मी फोन केला. कल्याणला आहे, माझ्याहून बराच लहान. ‘अहो मॅडम, बायका लाजतात, आपण तरी काय करणार?’ मी म्हटलं, ‘ती नाही लाजली. तू लाजलास.’ कारण शिक्षिकेनं मला सांगितलं होतं, ‘मी दरवेळी मनाची तयारी करून जायचे हो. कुणी बघतो म्हणालंच नाही.’ अख्खं वर्ष गेलं, बाई.

काल ती नवऱ्याबरोबर रिपोर्ट घेऊन आली. ठाण्याच्या कॅन्सर सर्जनची वेळ मी घेऊन दिली. ऑपरेशन केवढं करायचं, पुढे किरणांचे शेक द्यायचे की नाही, ते जांघेतल्या गाठीवर ठरेल. नवरा रिक्षा बघायला खाली गेला, तेव्हा तिनं विचारलं, ‘मी बरी होईन ना?’ मी लगेच म्हणाले, ‘होणार.’ कॅन्सर गाठीत पोचलाय की नाही, ते अजून कुणालाच माहीत नाही. पण माझ्या नेहमीच्या दरडावणीच्या आवाजात म्हणाले, म्हणून तिला खरं वाटलं. मलाही वाटलं, ती जिना उतरेपर्यंत.