वस्त्रगाळ धूळ

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

खोटारडा! धडधडीत खोटारडा!

कणीक मळताना मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता. हिरोची मुलाखत. छाती फुगवून म्हणतो, "त्या लहान जेटचा स्टंट खराखुरा आहे. कॉम्प्युटर नाही, मॉडेल नाही." मॉडेल नाही म्हणे! मग २०२३ च्या दिवाळीआधी दीड महिना मी काय केलं? फराळाचं सगळं सासूबाईंवर टाकून पंख घासत बसले होते ते कशासाठी?

गोविंदा मुंबईला सिनेमाच्या सेटच्या कामाला लागला, तेव्हा वाटलं होतं की भाऊ एकदा तरी आपल्या हाताला साजेसं काम आणील. आणलं. खऱ्याच्या आठव्या हिश्शाचं जेट. काचेआड पायलटसुद्धा बसवला, तळहाताएवढा. सिनेमा पुरा झाल्यावर गोविंदाचा फोन आला, "ताई, गोदामातून जाते ते तुहंच इमान हाय. पण कोणापाशी बोलू नको, कागदावर सह्या झाल्या हायेत." वर्षभर तोंड शिवून बसले. त्याचं हे फळ!

२६ जानेवारी, रविवार

यांना एसटीच्या ड्युटीला सुट्टी होती. शेजारच्या नूरजहांला घेऊन बुलढाण्याला गेलो, सिनेमा पाहिला.

पडद्यावर गोदामाची दारं मिटत आलेली. जेट एका अंगावर आडवं होतं, गोदामात शिरतं आणि पलीकडून निघतं. थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. मी एकटीच मुठी आवळून! आडवं झालेल्या विमानाचे पंख वजन उचलत नाहीत. आमच्या गच्चीवरून मी शंभरदा कागदी विमान फेकून पाहिलंय — आडवं झालं की खाली बसायला लागतं. एवढ्या लांब गोदामात ते जमिनीपासून हातभर उंचीवर सरळ रेषेत जाईल? तारेवरून ओढलेलं मॉडेलच ते.

आणि धूळ! मॉडेलची चोरी नेहमी धुळीत पकडली जाते. विमान लहान करता येतं, धूळ नाही. ढेकळं उडाल्यासारखी दिसते. म्हणून मी मुलतानी माती तीनदा वस्त्रगाळ करून पुडी सोबत दिली होती. आणि पडद्यावर कशी उडाली! धुरासारखी बारीक. डोळ्यांत पाणी आलं. माझी माती!

शेवटी नावं सरकत गेली. चहा देणाऱ्याचंही नाव होतं. मी दिवे लागेपर्यंत उभी राहून वाचली. माझं नव्हतं.

२७ जानेवारी

गोविंदाला चार वेळा फोन. उचलत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आज राहवलं नाही. नूरजहांला सगळं सांगितलं. फोटो दाखवले. तिने शिलाई मशीन थांबवून नीट पाहिले.

म्हणाली, "इमान तर लय सुंदर केलं तू, जया. पण मले त्या सिनेमातली धूळ खरीच वाटली बाई. आपल्या गल्लीतून जीप गेली का अशीच उडते."

म्हटलं, तीच तर माझी कारागिरी! ती मान हलवत राहिली. "नाही गं. ते खरीच हाय."

मग माझं तोंड सुटलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला यातलं काय कळतं, असं म्हणाले. तिने पुन्हा मशीन सुरू केलं. मीही तिथे थांबले नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

हे तिकिटांची पेटी ठेवता ठेवता म्हणाले, "अठरा वर्षं झाले, तू लोकायच्या पोरायचे ज्वालामुखी बनवून राह्यली. पोरं नंबर घेतात, तवा नाही राग आला तुले?"

आला नाही, हे खरं. मेहकरातल्या कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात गेले तर निम्म्या टेबलांवर माझाच हात दिसतो. धडधडणारी हृदयं, पवनचक्क्या, धरणं. पोरं पाठ केलेलं म्हणून दाखवतात आणि बक्षीस घेतात. पण ती पोरं आहेत! आणि त्यांच्या आया निदान "काकू, नंबर आला" म्हणून पेढा तरी आणून देतात.

१० फेब्रुवारी

अखेर गोविंदाचा फोन. म्हणतो, "हिरोले असंच बोला लागते, ताई. तू काऊन मनाले लावून घेते?"

"बरं, एकच सांग. माझी माती वापरली का?"

फोनमध्ये मागे गाड्यांचे आवाज.

"हाव. वापरली नं."

म्हणजे झालं तर! आता नूरजहांला सांगायला हवं. पण ती ओट्यावर दिसली की मीच आत येते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शाळेचे हेडमास्तर वामनराव स्वतः घरी आले. फोटोंची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती, मेहकर केवढंसं! म्हणाले, "जयमालाताई, इतकी वर्षं तुमच्या वस्तू शाळेत आल्या. यंदा विज्ञान दिनाला तुम्ही या. सिनेमातलं विमान कसं बनवलं ते मुलांना सांगा. प्रमुख पाहुण्या म्हणून."

गोविंदाच्या सह्या आठवल्या. मग हिरोची फुगलेली छाती आठवली. हो म्हटलं. सिनेमावाल्यांनी नाकारलं तर नाकारू दे, निदान गावातल्या पोरांना तरी कळेल खरं कोण बोलतंय.

वामनराव गेल्यावर आरशासमोर उभी राहून दोन वाक्यं बोलून पाहिली. हसू आलं.

२२ फेब्रुवारी

नूरजहांने निळ्या साडीवरचा ब्लाउज शिवून पाठवला. फिटिंग अगदी बरोबर. मुबीनाच्या हाती पाठवला, स्वतः आली नाही. मुबीना म्हणाली, "अम्मीनं सांगतलं, भाषण चांगलं कर म्हणून."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यांनी स्टँडवरून खोकं आणलं. गोविंदाने मागच्या आठवड्यात खोली सोडली, त्याच्या खोलीतल्या जोडीदाराने पाठवलं. त्या जोडीदाराला फोन केला. म्हणाला, "ताई, आलं तसं गोविंदाच्या खाटेखालीच पडून होतं. तुमचं नाव दिसलं म्हणून पाठवलं."

दोरीच्या गाठी माझ्याच. दुहेरी, टोकं आत खोचलेली. विमान कागदात गुंडाळलेलं, तसंच. मातीची पुडीही आहे. तिचं रबर विरघळून कागदाला चिकटलंय.

शाळेच्या फळ्यावर आज दुपारीच उद्याच्या विज्ञान दिनासाठी माझं नाव लिहून झालं. रंगीत खडूंनी.