दुर्गाबाईंच्या नावाचं रक्त

जाफराबाद, ११ जानेवारी २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोन आत्याबाईंच्या खाटेपाशी आहे आणि गाऱ्हाणं माझ्या या सासूबाईंचंच आहे, म्हणून पत्र.

मागं इथल्या शाळेत बायकांच्या हाडांचं शिबिर झालं. पाळी गेलेल्या बायकांचं रक्त मुंबईला पाठवणार होते. हाडं किती वेगानं झिजतात ते त्यावरून कळतं म्हणे. दिवाळीत नुसत्या ओट्यावरून घसरून माझं मनगट मोडलं, तेव्हापासून पाठही दुखून राह्यली, म्हणून मीही रांगेत लागले. पण नियम पंचावन्नच्या पुढचा. मी चव्वेचाळीसची. मला बाजूला काढलं.

मंग आत्याबाईंचा नंबर आला. सुई पाहून त्यांचं तोंड उतरलं. कानात म्हणाल्या की ह्या वयात गेलेलं रक्त परत भरत न्हाई, तुझ्या अंगात रग्गड आहे, माझी चिठ्ठी घे आन् बस. मी बसले. नर्सबाईनं दुर्गाबाई अशी हाक मारली, माझ्याकडं पाहिलं आणि वयाची बिलकुल शंका घेतली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

परवा रिपोर्ट आला. दुर्गाबाईंची हाडं वयाच्या मानानंही फार जल्दी झिजतात. ह्यांनी आईला खाटेवरून उतरायची बंदी केली. खारीक-तूप सुरू झालं. परवापर्यंत कापसाचं गाठोडं डोक्यावर आणणाऱ्या आत्याबाई आज तांब्याही उचलत नाहीत. न्हाणीत मी धरून नेते. म्हणजे माझ्या झिजलेल्या हाडांच्या आधारानं त्यांची धडधाकट हाडं चालतात. मला हसू येतं, आणि हसलं की पाठीत कळ येते.

अक्षर वाकडं आहे, मनगटाला बोल लाव. पोरांना जवळ घे.
तुझी नंदा

*

जुना जालना, १९ जानेवारी २००४

चि. सौ. नंदास,
अ. उ. आ.

पाणी भरायला सून, लग्नाच्या पंगतीत राबायला सून, हे सगळीकडंच आहे. सुई टोचून घ्यायलाही सून पाठवणारं घर मी पहिल्यांदाच पाहिलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न सांगता विचारून आले. त्यांनी आधी हेच विचारलं की पिशवी काढली आहे का. मी सांगितलं की तिशीत साधं अंगावरून जात होतं, तर पुढं कॅन्सर होईल असं भेडसावून एका डॉक्टरनं पिशवीबरोबर अंडाशयंही काढली. तेव्हा तुझ्या उशाशी मीच होते. बाई म्हणाल्या की मग हिची पाळी त्याच दिवशी गेली. शिबिरवाल्यांना वय विचारायचं सुचलं, एवढं विचारायचं सुचलं नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं. नुसत्या रक्तावरून दुखणं ठरत नाही. रक्त झिजेचा वेग सांगतं. हाडांत उरलंय किती, ते औरंगाबादचं मशीन सांगतं. पण मनगट मोडलेलं आणि वर असा रिपोर्ट, म्हणजे थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी कंबर मोडेल, आणि ती मनगटासारखी फळीत बांधता येत नाही.

रामकिसनरावांना सांग. नवरा आहे तुझा, तहसीलदार नव्हे. तुझ्यानं होत नसेल तर मी येते. माझ्या जिभेला हाड नाही, तेव्हा तिला झिजेची भीती नाही.

घागर एका वेळी एकच उचल. पत्राला उशीर केलास तर मी एसटीत बसलेच म्हणून समज.
तुझी अक्का

*

जाफराबाद, ४ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नको. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा हवा का एवढंच विचारलं. गल्लीतल्या बायका आत्याबाईंना भेटायला येतात, ह्यांना श्रावणबाळ म्हणतात, हे खूश. आता हाडं माझी खराब आहेत म्हटलं, तर दोन घागरी आणणारीवर विश्वास कोण ठेवील? पुरावा आहे तो आत्याबाईंच्या नावाचा.

काल त्यांना उठवताना पाठीत काहीतरी कटकन झालं. मी खाटेची पाटी धरून उभी राहिले. आत्याबाईंनी पाहिलं. मंग हळूच म्हणाल्या की मामंजी गेल्यापासून रामकिसन पहिल्यांदा माझ्यापाशी बसून राह्यला, थोडे दिवस जाऊ दे. अक्का, मला त्यांचा रागही धड करता येईना. भीती मात्र वाटते. शिंकतानासुद्धा भिंत धरते.

ह्यांनी औरंगाबादच्या मशीनची तारीख घेतली. आत्याबाई रोज सांगतात की मला बरं वाटतंय, खर्चा कशाला. हे ऐकत नाहीत.

देवापुढं माझ्यासाठी दोन शब्द बोल, शिव्या नकोत.
नंदा

*

जाफराबाद, १ मार्च २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

औरंगाबादला मशीननं सांगितलं की आत्याबाईंची हाडं त्यांच्या वयाला चांगलीच आहेत. डॉक्टर एकदा रिपोर्ट पाहत, एकदा आत्याबाईंना. शेवटी म्हणाले की रक्त पुन्हा तपासू. नर्स सुई घेऊन आली. आत्याबाई खुर्चीतून उठल्या, पदर सावरला आणि मला तिथं बसायला सांगितलं. ह्यांच्यादेखत, डॉक्टरांदेखत.

मंग डॉक्टरांनी मला विचारलं की मागचं रक्त कुणाचं होतं. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनीच सांगितलं, खाली बघून, की तिचं. ह्यांच्या हातातली पिशवी खाली पडली आणि बराच वेळ तशीच पडून होती.

मंग मला मशीनवर घेतलं. पाठीचे मणके सत्तरीच्या बाईचे निघाले, एक दबलेलाही आहे. यायला उशीर झाला, पण फार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जाफराबादला उतरताना ह्यांनी माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही. गल्लीनं काय म्हणायचं ते म्हटलंच.

आठवड्याची एक गोळी आहे. उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास ताठ राहायचं, वाकायचं नाही, आडवं व्हायचं नाही. ह्यांनी मला खुर्चीच आणून दिली. पहिल्या रविवारी रिकामे हात कुठं ठेवावेत तेच कळेना. काल दुसरा रविवार, गोळी घेऊन मी खुर्चीत. आत्याबाई चुलीपाशी होत्या, पाणी त्यांनीच आणलेलं. त्या बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलत राहिल्या आणि इकडं दूध वर आलं. माझ्यापासून चार हातांवर. सगळं उतू गेलं. मी बसून पाहिलं.

तू आता ये, भांडायला नको, राहायला ये.
तुझी नंदा