चिरंजीवांचा चालण्याचा कोर्स

२ मार्च
चिरंजीव महिनाअखेरीस एक वर्षाचे होतात. आजवरची प्रगती: रांगणे, चमचे फेकणे. साडूचा मुलगा म्हणे दहाव्या महिन्यात घरभर चालत होता. ही माहिती साडूने आज फोनवर पुन्हा दिली, कुणी विचारलेलं नसताना. वाढदिवसाला तो येणार आहे. त्याच्या डोळ्यांदेखत चिरंजीव दारापासून माझ्यापर्यंत चालत येतील, असं मी ठरवून टाकलं आहे. घरात सांगितलेलं नाही. नियोजन कशाशी खातात हे आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे न कळणारी माणसं मी तयार केली आहेत. एका मुलाला दोन पायांवर आणणं म्हणजे हातचा मळ.

३ मार्च, सकाळ
कोर्स जाहीर केला. उठल्यावर दूध, मग सराव, मग केळं, मग झोप, संध्याकाळी उजळणी. बायको म्हणाली, मुलं आपोआप चालतात. आपोआप! हँडब्रेक न लावलेली गाडी आपोआप चालते, आणि ती कुठे जाते हे मला विचारा. बायको ऑफिसला गेली की चिरंजीव सासूबाईंच्या ताब्यात असतात. त्या नुसतं ‘हं’ म्हणाल्या. त्यांच्या ‘हं’मध्ये फार तोरा असतो.

एक कडक नियम केला. यापुढे त्याला कुणीही कडेवर घ्यायचं नाही. या बायकांनीच त्याला लाडावून ठेवलं आहे.

संध्याकाळ
उजळणी राहिली. मी आलो तेव्हा चिरंजीव दाराशी दोन्ही हात वर करून बसले होते. उचललं. लाडाने नव्हे. वजन वाढलंय का ते बघायला. जेवण होईपर्यंत बघत होतो.

६ मार्च
चाकांची ढकलगाडी आणली. दुकानातला पोरगेला सेल्समन म्हणाला, मुलं ही धरून धावतात. चिरंजीव खोक्यात जाऊन बसले आणि खोक्याचा कोपरा खाल्ला. गाडी कशी ढकलायची हे मी हॉलभर गुडघ्यांवर फिरून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंना छान जमतंय. गुडघा दुखतोय.

९ मार्च
मुलांच्या डॉक्टरांकडे लस. विचारलं, चालणार कधी? म्हणाले, कुणी नवव्या महिन्यात चालतं, कुणी पंधराव्या, काळजी करू नका. असल्या मोघम उत्तरासाठी इतकी वर्षं शिकायची! मी जर सांगितलं, तुम्ही आज गाडी शिकाल किंवा सहा महिन्यांनी शिकाल, तर माझ्याकडे कोण येईल?

सुई टोचल्यावर चिरंजीवांनी भोकाड पसरलं. त्यांना घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. लस ही वैद्यकीय बाब आहे. ती नियमात येत नाही.

१३ मार्च
यश! चिरंजीव माझी दोन्ही बोटं धरून उभे राहिले. एक पाय उचलला. किंचित झुकले. लगेच वर घेतलं. पडूच द्यायचं नाही, हीच माझी पद्धत. बायको म्हणाली, पडू दे की जरा, गालिचा आहे. हिला शिकवण्यातलं ओ की ठो कळत नाही.

स्कूलमध्ये कटकट. चष्मेवाल्या बाई टेस्टमध्ये पुन्हा नापास. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. बाई म्हणतात, मी वळण घ्यायला गेले की तुम्ही तो दाबता, मग मी शिकणार कधी? अहो, दाबतो म्हणून तुम्ही जिवंत आहात. उपकाराची जाणीव म्हणून नाही लोकांना.

१८ मार्च
चष्मेवाल्या बाई पास झाल्या. चार दिवस भावाच्या गाडीवर सराव केला म्हणे. पेढे नाही, आभार नाही, फक्त मेसेज. टेस्ट घेणाऱ्यांचा दर्जा पार घसरला आहे.

१९ मार्च
काल सरावाला वेळ झाला नाही. आजही नाही. चिरंजीवांना दात येतोय, किरकिर चालू आहे. खांद्यावर टाकल्याशिवाय झोपत नाहीत. आजारपणात नियम शिथिल.

२३ मार्च
बायकोने बूट आणले. जो चालत नाही त्याला बूट! वर बुटांचे तळ पाहिले तर मळलेले, घासलेले. दुकानदाराने वापरलेला माल गळ्यात मारला. बदलून आण म्हटलं तर बायको सासूबाईंकडे बघून हसली. बाहेरच्या जगात हिला कुणीही टोपी घालेल.

२६ मार्च
घरी लवकर आलो. किल्ली फिरवली तसा आतला हशा आणि टाळ्या बंद. आत गेलो तर हॉलमधलं टेबल भिंतीला लावलेलं आणि मधली जागा मोकळी. सासूबाई म्हणाल्या, झाडू मारत होते. टाळ्या वाजवून झाडू? वय झालंय त्यांचं. चिरंजीव नेहमीप्रमाणे जमिनीवर, हात वर. उचललं. बुटांचं वजन किती भरतं ते पाहायचं होतं.

३० मार्च
उद्या वाढदिवस. तयारी चोख. चिरंजीव दाराशी, मी सोफ्यासमोर, साडू बाजूच्या खुर्चीत, म्हणजे त्याला नीट दिसेल. आत्मविश्वास दांडगा. सराव कमी झाला असेल, पण पाया मी घातलेला आहे.

३१ मार्च, पाहुणे गेल्यावर
ठरल्याप्रमाणे चिरंजीवांना दाराशी उभं केलं. सोफ्यासमोर गुडघ्यांवर बसलो. हात पसरले. चला, म्हटलं. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं, बुडावर बसले आणि हात वर केले. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसले. साडू म्हणाला, होतं असं, घाई कसली! इतका गोड आवाज त्याने आयुष्यात काढला नसेल.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जरा आत जाऊन केक कापता का? केक कापायला दुसरं कुणी नव्हतं का? गेलो. सुरी हातात घेतली आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. दाराच्या फटीतून पाहिलं. चिरंजीव चालत होते. बोट नाही, आधार नाही. दारापासून थेट साडूपर्यंत. तिथे गर्रकन वळून परत दारापर्यंत. मधे पडले, उठले, पुन्हा चालले. साडू मुळीच आश्चर्यचकित दिसला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सुरी ठेवून बाहेर आलो. चिरंजीवांनी मला पाहिलं, खुदकन हसले, आणि होते तिथे खाली बसले.

बायकोने सगळ्यांसमोरच सांगितलं की दोन आठवडे झाले तो चालतोय, फक्त तू दिसलास की चालत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तू उचलतोस हे त्याला पक्कं माहीत आहे, मग तो चालेल कशाला?

हा निव्वळ आरोप होता. मी ठणकावून विचारलं, मी कधी उचलतो त्याला? एक तरी उदाहरण द्या!

सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले. चिरंजीव माझ्या कडेवर बसून माझा कान ओढत होते.