पहिला अर्जदार

आषाढ शुद्ध नवमी, शके १८५०. मुक्काम धाड.
वामनराव तेलाच्या दुकानाला कुलूप लावून पसार. माझे सरकीचे तीनशे चाळीस रुपये बुडवून. बाकीचे रडत बसतील. मी कायद्याने जाणार.

आषाढ शुद्ध द्वादशी.
बुलढाण्याला हिंमतराव वकिलांकडे जाऊन आलो. घेणेकऱ्यांनी अर्ज केला तर कोर्ट माणसाला दिवाळखोर ठरवतं आणि त्याचा माल विकून सगळ्यांत वाटतं. अटी: अर्जदारांचं येणं मिळून पाचशे तरी हवं, आणि तो पळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज पडायला हवा. वकील आणखी काही सांगत होते, पण मला समजलं होतं. वामनरावाला तेलाचे पत्र्याचे डबे करून देणाऱ्या हबीबचे दोनशे साठ अडकलेत, तो तयार आहे. पहिला अर्जदार मी.

आषाढ वद्य षष्ठी.
अर्ज लिहिला. माझं नाव जरा मोठं काढलं.

अधिक श्रावण शुद्ध प्रतिपदा.
अधिक महिना लागला. शुभकार्य वर्ज्य. तसाही हा महिना धरायचा नसतो, म्हणजे मुदत आपोआप महिनाभर वाढली. आमची सौ. सत्यभामा म्हणते, सायबाच्या कोर्टाले अधिक महिना समजते काय? बायकांना कायद्यातलं काय कळतं.

निज श्रावण अमावास्या.
पोळा. माझ्याकडे बैल नाहीत, तरी दिवस गेलाच.

भाद्रपद शुद्ध पंचमी.
हबीब आला. म्हणे, भगवंतराव, मोहरममधी पळाला तो, आता रबी-उल-आखर लागला. तीन महिने भरून राह्यले, काऊन थांबले? त्याला समजावलं की तुमचं वर्षच आखूड. गणपती उठू दे, पितृपक्ष सरू दे, घटस्थापना झाली की अर्ज टाकू. हाव म्हणाला. या लोकांना धीर म्हणून नाही.

भाद्रपद शुद्ध दशमी.
हबीब दोनदा बुलढाण्याला गेला म्हणे. पत्रा आणायला असेल.

आश्विन शुद्ध द्वितीया. सोमवार. बुलढाणा.
वकिलांनी भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर दाखवलं. वामनराव सव्वीस जूनला पळाला, मुदत सव्वीस सप्टेंबरला संपली, आज पंधरा ऑक्टोबर. मी अधिक महिन्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून परत घातला.

मग म्हणाले, हबीबने कय्यूम आणि पंजाबराव या आणखी दोन घेणेकऱ्यांना जोडीला घेतलं, तिघांचे पाचशे तीस झाले, अर्ज मुदतीत पडला. घेणेकऱ्यांच्या यादीत त्याने तुमचंही नाव दिलंय. सातवं. सहावा मीठवाला आहे, येणं चौदा रुपये. त्याच्याही खाली मी. फार लाज वाटली.

रात्री सत्यभामेला सांगितलं, कोर्टाने माझं नाव दाखल करून घेतलं.